बाप गेलेल्या घरातली मुलं आणि गावची शाळा

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यात आमची जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आहे. गेल्या दोन वर्षांत गावात चार शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांची सहा मुलं आमच्याकडे शिकतात. दारूमुळे रोज भांडण-मारझोड असलेल्या घरांतली मुलं वेगळीच. सहावीतला एक मुलगा दिवसभर बोलत नाही आणि मध्येच उठून कोणालातरी मारतो. सरपंच, आशाताई, बचत गट सगळे मदतीला तयार आहेत. नागपूरहून समुपदेशक बोलावून तीन दिवसांचं शिबिर घ्यावं असं चाललंय. कोणी काय करावं?

उत्तर:

सर, शिबिराची तारीख ठरली नसेल तर तूर्त ठरवू नका. हे मी शिबिरांच्या रागातून सांगत नाही. विदर्भात मानसिक आरोग्याचं काम करताना पहिली काही वर्षं मी शिबिरंच घेतली. त्यातलं एक अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मुलांना कागद-खडू देऊन आम्ही म्हटलं, ‘तुम्हाला सगळ्यात जास्त दुःख झालं तो दिवस काढा.’ पाचवीतल्या एका मुलीनं गोठा काढला, गोठ्याचं दार काढलं आणि दाराच्या आतला अंधार काळ्या खडूनं इतका गिरवला की कागद फाटला. ती रडली, आम्ही तिला जवळ घेतलं. आम्हाला वाटलं, पोर मोकळी झाली. संध्याकाळी आमची गाडी निघून गेली. त्यानंतर पंधरा दिवस ती शाळेत आली नाही. रात्री अंथरूण ओलं करायला लागली. हे आम्हाला कळलं दोन महिन्यांनी, तेही अंगणवाडीताईंकडून. जखम आम्ही उघडली आणि पट्टी करायला गावात कोणालाच ठेवलं नव्हतं.

मोठ्या आघातानंतर माणसांना एकदाच बसवून घडलेलं सगळं सांगायला लावायची पद्धत बऱ्याच देशांत वापरून झाली आहे. तिचा फायदा होत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, असं अभ्यासांत दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं ती टाळायला सांगितलं आणि २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक छोटी पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन शब्दांचा आहे: बघा, ऐका, जोडा. तुमच्या पत्रावरून दिसतं की गावात बघणारे पुष्कळ आहेत आणि ऐकायची तयारीही आहे. अडतं ते जोडण्यापाशी.

जोडणं म्हणजे काय ते सांगते. एका गावात आम्ही एकाच मुलाबद्दल वेगवेगळ्या लोकांना विचारलं. वर्गशिक्षकांना माहीत होतं की तो सोमवारी हमखास गैरहजर असतो. आशाताईला माहीत होतं की त्याची आई रात्र-रात्र जागी असते. किराणा दुकानदाराला माहीत होतं की त्या घरची उधारी बंद होऊन महिना झाला. पोलीस पाटलांना माहीत होतं की सावकाराची माणसं दोनदा येऊन गेली. आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना माहीत होतं की तो स्वतःची अर्धी खिचडी डब्यात भरून लहान बहिणीसाठी नेतो. पाचही जणांना त्या घराची काळजी होती. पण पाचही तुकडे पाच ठिकाणी होते. सोमवारी आई बाजाराच्या गावी मजुरीला जायची आणि बहिणीला सांभाळायला तो घरी थांबायचा, एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. ती कळल्यावर बहिणीला सोमवारी अंगणवाडीत जरा लवकर घ्यायची सोय झाली आणि मुलगा शाळेत यायला लागला. समुपदेशन वगैरे त्याच्या नंतर.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की दर पंधरा दिवसांनी ठरल्या वारी अर्धा तास बसा. चार जण पुरे: एक शिक्षक, आशाताई, बचत गटातली एक पोक्त बाई आणि खिचडीच्या मावशी. मावशींना मानाने बोलवा, ‘त्या काय सांगणार’ असं कोणी म्हणू देऊ नका. सरपंचांना या बैठकीत बसवू नका. ते चांगले असतील, पण निवडणूक आली की गावातली प्रत्येक माहिती पारावर जाते. त्यांच्याकडून दुसरं काम घ्या, ते पुढे सांगते. बैठकीत चर्चा फक्त तीन गोष्टींची: कोणतं मूल, त्याच्या घरी कोण जाणार, पुन्हा कधी पाहायचं. वहीत आजाराचं नाव लिहायचं नाही, ‘वेडसर’, ‘मेंटल’ असले शब्द तर तोंडातही आणायचे नाहीत. आणि एका मुलामागे एकच मोठं माणूस. सगळ्यांनी मिळून सहा मुलांची काळजी घ्यायची ठरली की महिन्याभरात कोणीच घेत नाही, हे मी बऱ्याच गावांत पाहिलंय.

गुप्ततेबद्दल एक गोष्ट पक्की करा. मुलाला कधीही ‘तू सांग, मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षक म्हणून तुम्हाला त्यातून सूट नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच. मुलाला म्हणा, ‘तू सांगशील ते मी गावात बोलणार नाही. पण तुला कोणी इजा करत असेल, किंवा तुला स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर तुला वाचवण्यासाठी मला एखाद्या मोठ्या माणसाची मदत घ्यावी लागेल.’ मुलांना हे नीट कळतं. वचन मोडलेलं मात्र ती विसरत नाहीत.

आता शाळेच्या आतलं.

सगळ्यात आधी एक प्रथा बंद करा. दानशूर मंडळी येतात, स्टेज लागतं, ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पाल्यांना’ दप्तरं वाटली जातात, माइकवरून नावं पुकारतात, फोटो निघतो. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या दिवसापासून त्या मुलाची गावातली ओळख तीच होते. मला एक मुलगा म्हणाला होता, ‘मॅडम, मले दप्तर नको. माह्यं नाव नका घेऊ.’ मदत घ्याच, पण मुख्याध्यापकांच्या खोलीत, आईच्या हातात, फोटोविना. देणाऱ्यांना आधीच सांगा की आमच्या शाळेत अशी पद्धत आहे. बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचं दप्तर नाही घेतलं तर चालतं.

तसंच ‘माझे बाबा’ हा निबंध. तो पुस्तकात असला तरी ‘माझ्या घरातलं मला आवडणारं माणूस’ असा बदलून द्या. अर्जांवर वडिलांची सही आणायला वर्गासमोर सांगू नका. पालकसभेची चिठ्ठी ‘आई किंवा घरातलं कोणीही मोठं’ अशी लिहा. या गोष्टींना ना पैसे लागतात ना परवानगी.

तुमच्या सहावीतल्या मुलाकडे येते. तो ‘मध्येच’ मारतो असं तुम्ही लिहिलंय. माझ्या अनुभवात ‘मध्येच’ फार क्वचित असतं. अशाच एका मुलाबद्दल शिक्षक म्हणत, काही कारण नसताना खवळतो. आम्ही त्यांना फक्त एक काम दिलं: तो खवळला की आधीच्या पाच मिनिटांत काय झालं ते लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी कागद पाहिला तर सहापैकी चार वेळा शाळेच्या कुंपणापलीकडच्या कपाशीत फवारणी चालू होती. वास खिडकीतून वर्गात यायचा. ज्या दिवशी बाप गेला त्या दिवशी घरात तोच वास होता. मुलाला स्वतःलाही हे माहीत नव्हतं. वास आला की छाती धडधडायची, पळावंसं वाटायचं, आणि वाटेत जो येईल त्याला धक्का. शिक्षकांनी शेतमालकाशी बोलून फवारणी शाळा सुटल्यावर किंवा रविवारी करायला लावली आणि मुलाला दाराजवळची जागा दिली. सांगून ठेवलं, ‘कसंतरी झालं तर मला न विचारता उठ, हौदावर जा, तोंड धू, दहा मिनिटांनी ये.’ पहिल्या आठवड्यात तो दिवसातून चार-पाच वेळा उठायचा. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी कुरकुर केली, ‘त्यालेच काहून?’ शिक्षक म्हणाले, ‘तुलाही कधी लागलं तर सांग.’ दिवाळीनंतर तो आठवड्यातून एखाद-दोनदाच उठत होता.

तुमच्या मुलाचं कारण वेगळं असेल. मोटारसायकलचा आवाज असेल, कोणाचं मोठ्यानं ओरडणं असेल, मागून खांद्यावर पडलेला हात असेल. पण आधी ते लिहून काढा. आघात सोसलेल्या शरीराला धोका संपल्याचं लवकर कळत नाही. ते सावधच राहतं. अशा मुलाला ‘शांत बस’ म्हणून उपयोग नसतो. पुढे काय होणार हे आधीपासून माहीत असण्याचा मात्र फार उपयोग होतो. रोजचं वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. एखादे सर येणार नसतील तर सकाळीच सांगा. तपासणीला साहेब येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा. आवाज चढवू नका, छडी तर नाहीच; शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. पण मारलंच तर काय, याचं उत्तरही लागतं. मारणं थांबवायचं, दोघांना वेगळं करायचं, ज्याला लागलं त्याच्याकडे आधी पाहायचं आणि बोलणं नंतर, त्याचा श्वास जागेवर आल्यावर. ‘का मारलंस?’ या प्रश्नाला अशा मुलाकडे उत्तर नसतं. ‘काय झालं त्याच्या आधी?’ असं विचारलं तर कधीकधी असतं.

गप्प बसणाऱ्या मुलांची काळजी मला मारणाऱ्यांपेक्षा जास्त वाटते, कारण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. बाप गेल्यावर एकाएकी ‘शहाणी’ झालेली आठवीतली मुलगी घरातलं सगळं करते, आईला सांभाळते, तक्रार करत नाही. सगळे तिचं कौतुक करतात. तिचं नाव वहीत असू द्या. तिचं लग्न ठरवायची घाई कोण करतंय याकडेही लक्ष ठेवा.

इथे तुम्ही विचाराल की मग हे सगळं शिक्षकानेच करायचं का. नाही. याबद्दल आपल्या देशातला एक चांगला पुरावा आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांमध्ये संगथ या गोव्यातल्या संस्थेनं ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवला. काही शाळांत तो प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी चालवला, काही शाळांत शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फारसा फरक पडला नाही. शिक्षक नालायक होते असा याचा अर्थ नाही. शिकवणं, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं यांच्यावर आणखी एक ओझं टाकलं तर ते कागदावरच राहतं. शिवाय ज्यानं गुण द्यायचे त्याच्यापाशी मन उघडणं मुलांना अवघड जातं. तेव्हा तुमचं काम वर्ग सुरक्षित ठेवणं आणि बदल टिपणं. ऐकण्यासाठी दुसरं माणूस हवं, आणि ते डॉक्टरच असलं पाहिजे असं नाही. त्या समुपदेशकांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती.

सरपंचांचं काम इथे येतं. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून गावातल्याच बारावी झालेल्या, बोलण्यात मऊ आणि तोंडाने घट्ट अशा एका मुलीला किंवा बाईला आठवड्यातून दोन दिवस शाळेत येण्यासाठी मानधन द्या. तिचं प्रशिक्षण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूकडून करून घ्या. नागपूरच्या समुपदेशकांना बोलवायचंच असेल तर मुलांसाठी नको, हिच्यासाठी बोलवा, आणि वर्षभर महिन्यातून एकदा फोनवर हिचं ऐकून घेतील असं ठरवून घ्या. तीन दिवसांचे पैसे बारा महिन्यांत वाटले तर तेवढ्यात भागतं. हे काम आशाताईवर फुकट टाकू नका. त्यांना बरेचसे पैसे कामागणिक मिळतात. ज्याचा मोबदला नाही ते आणखी एक काम ‘तुम्ही करताच आहात तर’ म्हणून त्यांच्या गळ्यात मारणं अन्याय आहे.

आता घराकडे वळू, कारण मुलाची झोप आईच्या झोपेला बांधलेली असते.

शेतकरी आत्महत्येनंतर आपल्याकडे काय होतं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. तलाठी येतात, पोलीस येतात, कागद गोळा होतात. कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, अशी पद्धत २००६ पासून वर्षानुवर्षं चालत आली. मदतीला निकष लागतात हे मला समजतं. पण हे शब्द मुलांच्या कानावर पडतात. एका घरी मी आईशी बोलत होते, प्रकरण नामंजूर झाल्याचा कागद खाटेवर पडला होता. आठ वर्षांची पोर भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, ‘म्हणजे माहे बाबा अपात्र होते का?’ तिची आई काही बोलू शकली नाही. मीही लगेच बोलू शकले नाही. मग मी तिला सांगितलं, की कागद अपात्र आहे, बाबा नाही. सरकारच्या पैशाचे काही नियम असतात, त्यात तो कागद बसला नाही. तिनं ते तीनदा विचारून घेतलं. तुमच्या चार घरांपैकी एखादं ‘अपात्र’ असेल तर त्या घरच्या मुलांना हे कोणीतरी आपणहून सांगायला हवं.

त्या बाईला समुपदेशनाआधी सोबत हवी असते: सातबारावर वारस नोंद आणि फेरफार, बँकेत खातं, निराधार योजनेचा अर्ज, मुलांसाठी बालसंगोपन योजना. बालसंगोपनात महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि एक पालक गेलेली मुलंही त्यात बसतात. तहसीलला एकटी बाई तीन खेपा घालते, तिसऱ्या खेपेला रडत परत येते. बचत गटातल्या बाईनं तिच्यासोबत जावं. माझ्या मते बचत गट याहून मोलाचं काम करू शकत नाही. एसटीत शेजारी बसून जे बोलणं होतं ते आमच्या खोलीत तासभर बसूनही होत नाही.

तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी कोणी नसतं. पहिली भेट तेव्हा ठेवा.

मुलं वसतिगृहात पाठवायची का, हा प्रश्नही येईल. पुण्या-नागपूरच्या संस्था चांगल्या मनानं विचारतात. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर शेकडो मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली गेली आणि कित्येकांचं आयुष्य उभं राहिलं. पण तिथे अनेकांचं घरच जमीनदोस्त झालं होतं. तुमच्या गावात घर आहे, आई आहे, शाळा आहे. पहिल्या वर्षात लहान मुलांना हलवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाप गेला, आता आईही गेली, असं त्यांना वाटतं. मोठं मूल स्वतः म्हणत असेल तर वेगळं. भावंडं मात्र तोडू नका.

पुढची आत्महत्या टाळणं हेही याच कामात येतं. एका गावात चार घटना झाल्यावर पाचवीचा धोका वाढतो. तरुण मुलांमध्ये जास्त. दोन गोष्टी सांगते.

पहिली, थेट विचारा. ‘विचारलं तर डोक्यात भरेल’ ही भीती खोटी आहे. ‘एवढ्या त्रासात जगणं नको असं वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?’ असं शांतपणे विचारलं तर माणसाला बहुतेक वेळा सुटल्यासारखं वाटतं, की चला, कोणीतरी बोललं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं विषारी औषध त्याच क्षणी हलवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून. शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाच्या घरचे पोलीस केसच्या भीतीनं दवाखान्यात उशिरा जातात. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असं मानतं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता. शिक्षेऐवजी त्याला उपचार आणि आधार द्यायचा असतो.

दुसरी गोष्ट कीटकनाशकांची. बऱ्याच संस्था गावात कुलपाच्या पेट्या वाटतात. मीही वाटल्या आहेत. श्रीलंकेत १८० गावांत याची नीट तपासणी झाली आणि २०१७ साली निकाल आला: घरोघरी पेट्या देऊन विषबाधा कमी झाल्या नाहीत. कुलपाची किल्ली घरातच असते. त्याच श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आली तेव्हा मात्र आत्महत्या झपाट्यानं घटल्या. बंदी तुमच्या-माझ्या हातात नाही. हातात हे आहे की जास्तीचं औषध घरात आणून ठेवायचंच नाही. कृषी केंद्रातून लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं शेतातल्या बंद खोलीत, घरापासून लांब. कृषी केंद्राच्या मालकांशी बोला. हंगाम नसताना एकटा, अस्वस्थ दिसणारा माणूस औषध मागायला आला तर ‘उद्या ये’ म्हणून त्याच्या घरी फोन करणं त्यांना जमतं. जीव देण्याची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ निघून गेला तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

गावानं मिळून फरक पडतो का, अशी शंका सरपंचांना असेल तर त्यांना शेजारच्या अमरावती जिल्ह्याचं सांगा. ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात ३० गावांत स्थानिक आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्यावर साधे प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडली तरच मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी उभी केली. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी वेगळी गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पालाच देता येणार नाही. पण शंभरात चार जण मदत घेत होते ते सत्तावीस झाले, हे आपल्याच मातीतलं आहे.

शेवटी दारूचं. इथे गावाच्या चांगुलपणातून एक धोक्याची गोष्ट घडते, म्हणून सविस्तर सांगते. गाव ठरवतं, अमक्याची दारू सोडवायची. देवळात शपथ होते, गळ्यात तुळशीची माळ पडते. माळेची ताकद मी कमी लेखत नाही. माळ घातली की सगळं गाव त्या माणसाकडे वेगळ्या नजरेनं पाहतं, आणि हा आधार औषधाच्या दुकानात मिळत नाही. पण जो माणूस कित्येक वर्षं सकाळपासून पितो त्याची दारू एका दिवसात तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस दगावूही शकतो. लोक म्हणतात, ‘शपथ मोडली म्हणून देव कोपला.’ तसं काही नसतं. मेंदूला दारूची सवय झालेली असते, ती अचानक काढली की तो बेभान होतो. आधी ग्रामीण रुग्णालय, पाच-सात दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व, आणि मग माळ. हा क्रम गावातल्या महाराजांना समजावून सांगा. ते बरोबर असले तर निम्मं काम होतं.

दारू सुटल्यानंतरचं वर्ष खरं अवघड. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं दोन गोष्टी आपल्या सगळ्यांना शिकवल्या: घरच्यांना उपचारात बरोबर घ्यायचं, आणि बरा झालेला माणूसच पुढच्याला हात देतो. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात गावाची संघटना आणि तालुक्याचं क्लिनिक अशी जोडी आहे. तुमच्या गावात दारू सोडून वर्ष झालेला एखादा माणूस असेलच. त्याला शोधा. तो पुन्हा घसरला तरी नाव टाकू नका. घसरणं या आजारात होतं, त्यातून परत उठणंही होतं. आणि मुलांना कोणीतरी स्पष्ट सांगा, की बाबा पितात ते तुझ्यामुळे नाही, तू अभ्यास केलास म्हणून थांबणार नाही, आणि घरात मारझोड सुरू झाली की तू मध्ये पडायचं नाही. कुठल्या घरी धावायचं ते घर आधी ठरवून ठेवा. एका गावात बचत गटातल्या बायकांनी तीन घरं ठरवली होती. तिथे रात्री कडी लावत नसत.

तुम्हाला सगळं एकदम जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. येत्या सोमवारी आशाताई आणि खिचडीच्या मावशींना घेऊन बसा, सहा मुलांची नावं लिहा, प्रत्येकासमोर एका मोठ्या माणसाचं नाव लिहा. सहावीतल्या मुलासाठी पाच मिनिटांच्या नोंदीचा कागद सुरू करा. त्याच नोंदी तीन आठवड्यांनी जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात नेऊन दाखवा. तो जेवत नसेल, झोपत नसेल किंवा मरणाचं बोलत असेल तर तीन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी न्या. चारही बापांच्या मृत्यूच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, शेजारी पेरणीचा आठवडा आणि पोळ्याचा दिवस. त्या दिवसांत मुलं बिनसतात. बैलजोडी विकली गेलेल्या घरातल्या पोराला पोळ्याच्या सकाळी कोणीतरी आपल्या बैलांची शिंगं रंगवायला बोलावून न्यायला हवं. कोण नेणार, त्याचं नावही आत्ताच लिहून ठेवा.